खाटेखालची पत्र्याची पेटी

  सकाळची कामं आवरून, हातातलं निवडण-टिपण घेऊन रेडिओजवळ बसला असाल. निवडत राहा, पण कान इकडे द्या.

मागच्या खेपेला आम्ही बँकेच्या कर्जाचे कागद कसे जोडायचे ते सांगितलं होतं. आज कागदांबद्दलच बोलायचं आहे, पण वेगळ्या. ज्या कागदांना घरातली माणसं कचरा म्हणतात आणि एक माणूस मात्र जिवापाड जपतो, त्या कागदांबद्दल. आमच्या एका गटात यावरून मोठं भांडण झालं. भांडण घरातलं, पण त्याचा धागा गटाच्या वहीपर्यंत आला. ज्यांच्या घरची ही गोष्ट आहे, त्या ताईंना आणि त्यांच्या मालकांना विचारूनच सांगतो आहोत. दोघं म्हणाले, "सांगा, पण नावं नका घेऊ." म्हणून नाव नाही, गावही नाही. छत्रपती संभाजीनगरपासून फार लांब नसलेलं एक गाव, एवढंच धरा.

गेल्या वर्षी जूनची गोष्ट. शाळा उघडायच्या आधीची बैठक. त्या ताईंनी अडीच हजार रुपये अंतर्गत कर्ज मागितलं. कारण सांगितलं, मुलाच्या शाळेची फी. आता या ताई म्हणजे गटात बचतीला कधी न चुकणाऱ्या. मालक वाळूजला कंपनीत, पगार ठरलेला. फीचे चार हजार त्यांनी मार्चपासून डाळीच्या डब्यात साठवले होते, हे त्यांनीच आम्हाला सांगितलेलं. म्हणून सचिव ताईंनी सहज विचारलं, "अगं, डब्यातले पैसे कुठी गेले?" तशी ताई रडायलाच लागली.

मग सगळं बाहेर आलं. मालकांनी डब्यातले अडीच हजार काढले होते. कंपनीतल्या दोस्ताची उसनवारी फेडायला. आणि उसने कशाला घेतले होते? दारू नाही, पत्ते नाहीत, मटका नाही. क्रिकेटच्या कार्डांसाठी! जाड कागदाची, तळहाताएवढी कार्डं, त्यावर खेळाडूचा फोटो, मागे त्याच्या धावा आणि विकेटी. दाजींचं वय अडतीस. दोन लेकरांचा बाप. खाटेखाली पत्र्याची पेटी भरून ही कार्डं.

आणि इथं आम्ही काय केलं? खरं सांगतो, हसलो. सतरा जणींपैकी सतरा जणी हसलो. एक जण म्हणाली, "बाई, लेकरू दोन का तीन तुला?" दुसरी म्हणाली, "होळीत टाक ना ती पेटी." समन्वयक म्हणून ज्यांनी आवर घालायचा, त्या आम्हीसुद्धा तोंडाला पदर लावून हसत होतो. ताईचे डोळे पुसायचे राहून गेले. आज बोलायला बसलो ते त्या हसण्याची चूक पदरात घेऊनच.

आता ही कार्डं म्हणजे काय, ते आधी समजून घेऊ. कारण आपल्याला माहीत नाही त्यालाच आपण येडेपणा म्हणतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत आणि इंग्लंडात सिगारेटच्या पाकिटात एक जाड कागद घालायचे, सिगारेट मोडू नये म्हणून. पुढे त्या कागदावर चित्र छापायला लागले. खेळाडू, नट्या, प्राणी. लोक चित्रासाठी पाकीट घ्यायला लागले. मग सिगारेटची जागा गोळ्या-च्युइंगमनं घेतली आणि मोठ्यांची वस्तू लेकरांच्या हातात आली. आपल्याकडे नव्वदच्या दशकात गावच्या किराणा दुकानातसुद्धा च्युइंगमबरोबर क्रिकेटवाल्यांची चित्रं मिळायची. ट्रम्प कार्डांचे डाव असायचे. तुमचे भाऊ ओट्यावर बसून खेळायचे, आठवतं का? पुढे आयपीएल आलं, तशी रंगीत चकचकीत कार्डांची पाकिटं स्टेशनरीच्या दुकानात आली. पाकीट बंद असतं. आत कोणता खेळाडू निघेल ते फोडल्याशिवाय कळत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, तिच्यावर आपण परत येऊ.

आपले दाजी १९९६ च्या विश्वचषकाच्या वेळी आठ-नऊ वर्षांचे होते. त्या वेळची दोनेकशे कार्डं त्यांनी बुटाच्या खोक्यात जपली होती. लग्न झालं, कंपनीत लागले, तरी खोकं होतंच. मग मोबाईल आला, त्यावर अशाच नादाची माणसं भेटली, आणि जुनी कार्डं विकत घ्यायची सवय लागली.

घरच्यांचं आणि दोस्तांचं काय चाललं होतं? ते ऐका, कारण प्रत्येक घरात साधारण असंच चालतं.

सासूबाई म्हणायच्या, "कागदं पोटाला घालतात का?" थोरले दीर म्हणायचे, "आपल्या खानदानात असलं कोणी केलं नाही." जाऊबाई पाहुण्यांसमोर मुद्दाम विचारायच्या, "भाऊजी, आज कोणती बाहुली आणली?" कंपनीतले दोस्त त्यांना 'बारक्या' म्हणायचे. शेजारी म्हणायचे, "याच्यापेक्षा प्लॉट घेतला असता तर." मुलगा सहावीत. त्याला मित्रांनी चिडवलं, तसा तोही बापाची पेटी कोणाला दिसू नये म्हणून खाटेवरची चादर खाली ओढून ठेवायला लागला. आणि आपल्या ताई काही बोलायच्या नाहीत, पण भांडण दुसऱ्या कशावरून निघालं तरी शेवट पेटीवर व्हायचा.

या सगळ्यांत एकानंही कधी "बघू बरं काय आहे ते" म्हटलं नव्हतं.

त्याच्या आदल्या दिवाळीला घराची साफसफाई निघाली. दाजी दुसऱ्या पाळीला गेलेले. सासूबाईंनी माळ्यावरचं सगळं खाली काढलं. वर्तमानपत्रं, फाटकी दप्तरं, जुने डबे, आणि त्यातच ते बुटाचं खोकं. भंगारवाला दारात उभा होता. सगळ्याचे मिळून ऐंशी रुपये आले. त्यांची पणत्या-वाती आली.

रात्री बारा वाजता दाजी घरी आले. ताई सांगतात, ते ओरडले नाहीत. भंगारवाल्याच्या घरी जाऊन आले, तो माल पुढे गेलेला. दिवाळीचं फराळाचं ताट तसंच ठेवलं. दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. घरच्यांना वाटलं, बरं झालं, नाद सुटला.

मैत्रिणींनो, नाद सुटला नाही. लपला. राहिलेल्या कार्डांची पेटी खाटेखाली आली, तिला कुलूप लागलं. नवीन कार्डं कंपनीच्या लॉकरमध्ये राहायला लागली. गेलेलं परत मिळवायचं म्हणून ते आधीपेक्षा जास्त घ्यायला लागले. आधी शंभर-दोनशे रुपये घरात सांगून जायचे. आता न सांगता उसनवारी व्हायला लागली. सात महिन्यांत दोस्ताचे अडीच हजार आणि स्टेशनरीवाल्याचे सतराशे, असे बेचाळीसशे झाले. म्हणजे महिन्याला सहाशे. दोस्तानं पैशांसाठी गेटवर अडवलं, तेव्हा डाळीच्या डब्यात हात गेला.

आता सांगा, चूक कोणाची? डब्यातले पैसे न विचारता घेतले ही चूक दाजींची, त्यात दोन मतं नाहीत. लेकराच्या फीचा पैसा तो. छंद कितीही चांगला असो, त्याला त्या डब्यावर हक्क नाही. पण आम्ही गटात हिशोब मांडायला शिकलो आहोत ना? मग पूर्ण मांडू. शंभर-दोनशेचा उघडा खर्च सहाशेचा चोरटा खर्च कसा झाला? हसण्यानं आणि त्या ऐंशी रुपयांनी. माणसाला ज्याची लाज वाटायला लावाल, ते तो सोडत नाही, लपवतो. आणि घरात जे लपतं, त्याचा हिशोब राहत नाही.

वस्तू गोळा करणारा माणूस हा काही नवीन प्रकार नाही. आपल्याच शहरात महानगरपालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज पुराणवस्तू संग्रहालय आहे. तिथं चारशे वर्षांपूर्वीची पैठणी ठेवलेली आहे. जुनी हत्यारं आहेत, भांडी आहेत, चिलखत आहे. यातल्या वस्तूंचा मोठा भाग डॉ. शांतिलाल पुरवार यांनी गोळा केलेला. एका माणसाच्या आवडीतून आलेलं हे धन. आपण सहलीला जातो, पैठणीसमोर उभ्या राहून "काय काठ आहेत बाई" म्हणतो.

पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय ऐकलं असेल. दिनकर गंगाधर केळकर हे 'अज्ञातवासी' नावानं कविता करायचे. १९२० च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली. आणि काय जमवलं? अडकित्ते, दिवे, करंडे, वज्र्या, दौती, कुलपं, स्वयंपाकाची भांडी. म्हणजे तुमच्या-आमच्या आज्यांच्या घरातल्या वस्तू. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला, त्याच्या नावानं संग्रहालय उभं राहिलं. वीस हजारांवर वस्तू झाल्या आणि १९७५ साली तो सगळा संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. या कामात त्यांच्या पत्नी कमलाबाईंची साथ होती. पुण्याचेच विलास करंदीकर यांनी भातुकलीची भांडी जमवून त्यांची प्रदर्शनं भरवली. मोठा माणूस आणि भातुकली! आपल्या गावात असता तर काय म्हटलं असतं आपण त्यांना? आणि क्रिकेटचंच बघायचं तर पुण्यात सहकारनगरला खेळाडूंच्या बॅटी, टोप्या, शर्ट जमवून रोहन पाटे यांनी संग्रहालय केलं. २०१२ साली त्याचं उद्घाटन सचिन तेंडुलकरनं केलं.

अजून एक सांगतो, लांबचा पण आपल्या दाजींच्या जवळचा. अमेरिकेत जेफरसन बर्डिक नावाचा माणूस होता. विजेचं सामान बनवणाऱ्या कारखान्यात कामगार. सांधेदुखीनं बोटं वाकडी झालेली. त्यानं आयुष्यभर अशीच कार्डं आणि छापील चित्रं जमवली. तीन लाखांहून जास्त. ती सगळी न्यूयॉर्कच्या मोठ्या संग्रहालयाला देऊन टाकली आणि तिथं बसून दुखऱ्या हातानं एकेक चिकटवली. जानेवारी १९६३ मध्ये काम संपलं, मार्चमध्ये तो गेला. कार्डांना क्रमांक द्यायची त्यानं लावलेली पद्धत आजही चालते.

पण मैत्रिणींनो, या गोष्टी सांगून आम्हाला तुम्हाला भुलवायचं नाही. कारण या गोष्टींची दुसरी बाजू गटातल्या बाईला लगेच दिसते. संग्रहालयात आपण टाळ्या वाजवतो, पण तो संग्रह होत असताना घरात पीठ होतं का, हे आपण विचारत नाही. बर्डिकनं लग्न केलं नव्हतं. त्याचा पगार त्याचा एकट्याचा होता. आपल्या दाजींच्या पगाराला चार तोंडं आणि एक म्हातारी आई आहे. म्हणून कौतुक करताना हिशोब सोडायचा नाही, आणि हिशोब करताना माणूस सोडायचा नाही. दोन्ही धरायचं.

"पुढे याचे लाखो रुपये येतील" असं कोणी म्हणालं, तर त्याचाही खुलासा करून ठेवतो. अमेरिकेत १९५२ सालचं मिकी मँटल या बेसबॉल खेळाडूचं एक कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये सव्वा कोट डॉलरच्या वर विकलं गेलं. आपले सुमारे शंभर कोटी रुपये. हे खरं आहे. पण का? कारण ती फार थोडी उरली. न खपलेली खोकीच्या खोकी समुद्रात नेऊन टाकली, असं ती कार्डं काढणाऱ्या कंपनीच्याच माणसानं सांगून ठेवलंय. आणि लेकरं मोठी झाल्यावर आयांनी घरोघरची फेकून दिली. हो, तिथल्या आयांनीही! "माझ्या आईनं माझी कार्डं टाकली" हे तिकडचं घरोघरचं गाऱ्हाणं आहे. मग भाव वाढलेले बघून ऐंशी-नव्वदच्या काळात लोकांनी पेट्याच्या पेट्या घेऊन ठेवल्या, कंपन्यांनी बेसुमार छापली, सगळ्यांनी जपून ठेवली, आणि भाव पडला. तीस वर्षं जपलेल्या पेट्यांना आज कोणी विचारत नाही. तेव्हा कार्ड म्हणजे सोनं नव्हे. ज्याला आवडतं त्यानं आवडीसाठी घ्यावं. कमाईसाठी शेळी घ्यावी.

आता पुढे काय झालं ते सांगतो.

बैठकीनंतर आम्हाला झोप लागली नाही. आम्ही आणि सचिव ताई, दोघी रविवारी त्यांच्या घरी गेलो. कर्जाच्या चौकशीला नाही, चहाला. चहा झाल्यावर म्हटलं, "दाजी, पेटी दाखवता का?" ते आमच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांना वाटलं, या पण चेष्टा करायला आल्या. मग कुलूप काढलं.

आत कसं ठेवलं होतं म्हणून सांगू! प्लास्टिकच्या पिशव्यांत एकेक कार्ड. देशावार चिठ्ठ्या लावलेल्या. कोपऱ्यात कसर लागू नये म्हणून कडुलिंबाचा वाळलेला पाला. आपण गटाचं दप्तर इतकं नीट ठेवत नाही. दाजी एरवी हो-नाहीपुढे न बोलणारा माणूस. त्या दिवशी तासभर बोलले. कोण कोणत्या गावचा, कोणाच्या बापानं काय काम केलं, कोण किती वेळा संघातून निघाला आणि परत आला. सचिव ताईंनी विचारलं, "हे कामून करता दाजी?" ते म्हणाले, "ताई, कंपनीत मी दिवसाला तेच एक नटबोल्ट हजार वेळा फिरवतो. तिथं कोणी मला काही विचारत नाही. याच्यातलं मला कोणीही काही विचारावं, मला येतं."

दारात सासूबाई बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मला काय माहीत त्या खोक्यात काय होतं? मला कधी दाखवलं का?" दाजी म्हणाले, "तू कधी विचारलं का आई?" थोडा वेळ कोणीच बोललं नाही. दोघांचंही खरं होतं.

त्या दिवशी आम्ही त्यांच्या घरात बसून वही काढली. जसा गटाचा हिशोब, तसा घराचा. पगार किती, किराणा किती, फी, दवाखाना, आईची गोळी, गटाची बचत, सगळं लिहिलं. शेवटी दाजींना विचारलं, "या पेटीला महिन्याला किती लागतात?" आधी ते लाजले. मग म्हणाले, "दोनशे मिळाले तरी बास." आम्ही दोनशे लिहिले. मग सचिव ताईंनी त्याच ओळीखाली दुसरी ओळ ओढली आणि आपल्या ताईला विचारलं, "आणि तुला किती? तुझ्या आवडीचं काय?"

मैत्रिणींनो, ताई विचार करत बसली. बराच वेळ. मग म्हणाली, "मला काय आवडतं ते आता आठवतच नाही."

या वाक्यानं आम्हाला हलवलं. दाजींना पेटी तरी होती, हसायला का होईना पण लोकांना दिसत होती. हिच्याकडे लपवायलासुद्धा काही नव्हतं. आमच्याकडेही कुठं होतं? घरी येताना आम्ही दोघी तेच बोलत होतो. आम्ही म्हटलं, शाळेत असताना आम्ही आगपेटीवरची चित्रं जमवायचो. सचिव ताई म्हणाल्या, त्या काचेच्या बांगड्यांचे तुकडे जमवायच्या, रंगारंगाचे. लग्न ठरलं तेव्हा दोघींच्या घरच्यांनी टाकून दिले. आणि आम्हाला वाटलं, टाकायचेच असतात.

पुढच्या बैठकीत आम्ही हाच प्रश्न फिरवला. तुम्ही काय जमवता? आधी सगळ्या म्हणाल्या, "आम्ही काय जमवणार?" मग एक मावशी हळूच म्हणाल्या, त्यांच्याकडे ओव्यांची वही आहे. स्वतःला लिहिता येत नाही, नातीकडून लिहून घेतात. एकीकडे जुन्या लुगड्यांचे काठ आहेत. एकीकडे गाडग्यात राखेत ठेवलेलं गावरान बियाणं, वाल, दोडका, भोपळा. तिला सून म्हणते, "आत्याबाई, दुकानात मिळतं की पाकीट." आम्ही तिला अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांची गोष्ट सांगितली. त्यांनी असंच देशी बियाणं जपलं, वाटलं, आणि २०२० साली सरकारनं त्यांना पद्मश्री जाहीर केली. आता ती मावशी बैठकीला येताना मूठभर बी पदरात बांधून आणते.

त्या बैठकीत पेटीवर हसणारं कोणी उरलं नाही. प्रत्येकीच्या घरात एक पेटी निघाली होती.

आता तुमच्या घरात असा कोणी असेल, नवरा, दीर, भाऊ, किंवा तुम्ही स्वतः, तर आमच्या अनुभवातून पाच गोष्टी सांगतो. गटाची पंचसूत्री असते ना, तशी.

पहिली. आधी बघायला मागा. काय आहे, कुठून आलं, यातलं सगळ्यात आवडतं कोणतं, एवढं विचारा. बघितल्याशिवाय बोलू नका.

दुसरी. महिन्याचा आकडा ठरवा आणि तो घराच्या वहीत लिहा. जेवढा त्याच्या आवडीला, तेवढाच तिच्या आवडीला. पन्नास असो की दोनशे. आणि घरखर्च, फी, औषध, गटाचा हप्ता यांना हात न लावता.

तिसरी. छंदासाठी कर्ज नाही. गटाचं नाही, दोस्ताचं नाही, दुकानदाराची उधारी नाही. पैसे नसतील तर थांबायचं. बदलाबदली करायची. दोन सारखी असतील तर एक देऊन दुसरं घ्यायचं, पूर्वी लेकरं करायची तसं.

चौथी. बंद पाकिटापासून सावध. आत कोण निघेल माहीत नाही, म्हणून माणूस अजून एक, अजून एक करत जातो. ती लॉटरीची वाट आहे. उघडं, बघून, हवं तेवढंच घ्यावं. मोबाईलवर अनोळखी माणसाला आधी पैसे पाठवू नयेत, ओटीपी तर कोणालाच सांगू नये. आणि हातात पैसे थांबतच नसतील, पगार झाल्या झाल्या संपत असेल, खोटं बोलणं वाढत असेल, तर तो छंद राहिला नाही, व्यसन झालं. मग त्याला व्यसनासारखीच मदत लागते, डॉक्टरांची, समुपदेशनाची. चिडवून व्यसन सुटत नाही.

पाचवी. दुसऱ्याची वस्तू त्याला विचारल्याशिवाय टाकू नका. नवऱ्याची नाही, सुनेची नाही, लेकराचीही नाही. दिवाळीच्या साफसफाईत एक पोतं वेगळं ठेवा, 'विचारायचं' म्हणून. आठ दिवस थांबल्यानं घर घाण होत नाही.

शेवटचा हिशोब देतो. ताईंना गटानं अडीच हजार दिले. पाचशेचे पाच हप्ते, शेकडा दोन व्याज, म्हणजे दीडशे रुपये व्याज धरून सव्वीसशे पन्नास. ऑक्टोबरच्या शेवटी कर्ज फिटलं. एकही हप्ता चुकला नाही. तो हप्ता दाजींनी आपल्या जादा पाळीच्या पैशातून दिला आणि स्टेशनरीवाल्याचे सतराशेही तसेच फेडले. ते पाच महिने त्यांनी एकही कार्ड घेतलं नाही. बुटाचं खोकं काही परत मिळालं नाही. मिळणारही नाही. सासूबाई अजून 'कागदं'च म्हणतात, पण परवा पाहुण्यांचं लेकरू पेटीला हात लावायला गेलं, तर त्यांनीच त्याला दटावलं, "हात धू आधी."

२०२५ च्या २ नोव्हेंबरला नवी मुंबईत आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक जिंकला. त्या रात्री दाजींच्या घरी सगळे जागे होते. दुसऱ्या दिवशी त्यांच्या चौथीतल्या मुलीनं वर्तमानपत्रातला सांगलीच्या स्मृती मानधनाचा फोटो कापला, लग्नपत्रिकेच्या जाड कागदावर खळीनं चिकटवला आणि मागं पेनानं धावा लिहिल्या. बापाकडे नेऊन म्हणाली, "पप्पा, हे ठेवा." दाजींनी पेटी उघडली आणि सगळ्यात वर ठेवलं.

आणि ताईंचे दोनशे? पहिले दोन महिने त्यांनी ते किराण्यातच घातले. तिसऱ्या महिन्यात त्या पैठणगेटला गेल्या आणि रेशमाच्या लड्या घेऊन आल्या. लग्नाआधी त्या रुमालावर फुलं काढायच्या, ते त्यांना आठवलं. जाऊबाईंनी विचारलं, "आता या वयात?" ताई म्हणाल्या, "बसा की, दाखवते."

पुढच्या बैठकीला येताना तुमच्या पेटीतली एक वस्तू घेऊन या. हसणार नाही, असा आम्ही शब्द देतो.